खाडाखोड नव्हे, उलट नोंद : आवृत्ती-नियंत्रण प्रणालींतील चूक-दुरुस्तीचा इतिहास

सारांश : संगणक आज्ञावलीच्या लेखनात झालेली चूक मागे घेता यावी, यासाठी १९७२ पासून ज्या आवृत्ती-नियंत्रण प्रणाली विकसित झाल्या, त्यांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. एससीसीएस, आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन आणि गिट या पाच प्रणालींच्या आधारे असे दाखविले आहे की, चूक पुसून टाकण्याच्या सोयीमुळे नव्हे, तर चूक जपून ठेवण्याच्या पद्धतीमुळे दुरुस्ती शक्य झाली. मात्र याच पद्धतीमुळे एखादी गोष्ट कायमची काढून टाकणे अवघड झाले आणि त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला.

बीजसंज्ञा : आवृत्ती-नियंत्रण, संहिता, उलट नोंद, कुलूप, शाखा, रेफलॉग, पुनःप्राप्ती.

१. प्रस्तावना

हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये, हा नियम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या वर्गातच शिकविला जातो. एखादी रक्कम चुकीच्या खात्यावर पडली, तर ती खोडून तेथे दुसरी रक्कम लिहावयाची नसते. चुकीचा परिणाम नाहीसा करणारी दुसरी नोंद, तारीख आणि तपशिलासह, स्वतंत्रपणे करावयाची असते. मूळ चूक वहीत राहते आणि तिची दुरुस्तीही राहते. अशा वहीवर विश्वास ठेवता येतो, कारण तिच्यात काय घडले हे मागाहून वाचता येते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना हा नियम स्वतःच्या क्षेत्रात नव्याने शोधावा लागला. आज्ञावलीची संहिता ही सतत बदलणारी गोष्ट आहे. आज केलेली सुधारणा उद्या चुकीची ठरू शकते. एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या हातून नकळत पुसला जाऊ शकतो. अशा वेळी कालचा पाठ परत मिळविता येईल काय, बदल कोणी व कशासाठी केला हे कळेल काय आणि केवळ चुकीचा भाग मागे घेऊन बाकीचे काम शाबूत ठेवता येईल काय, हे तीन प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे देणाऱ्या साधनांना आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात.

या प्रणालींचा इतिहास सामान्यतः वेगाचा, सोयीचा आणि तांत्रिक प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो चुकांच्या बाजूने पाहिला आहे. प्रत्येक प्रणालीने कोणती चूक गृहीत धरली, ती सुधारण्याचा कोणता मार्ग दिला आणि कोणती चूक तिच्या कक्षेबाहेर राहिली, या क्रमाने पुढील विवेचन केले आहे.

२. आरंभ : जुना पाठ राखून ठेवण्याची गरज

१९६० च्या दशकात आज्ञावली बहुधा पंचकार्डांच्या गठ्ठ्यात असे. तीत बदल करणे म्हणजे काही कार्डे काढून त्या जागी नवी घालणे. काढलेली कार्डे टाकून दिली की जुना पाठ संपला. पुढे संहिता चुंबकीय तबकड्यांवर साठविली जाऊ लागली, तेव्हा प्रत काढून ठेवणे सोपे झाले. परंतु कोणती प्रत कोणत्या वेळची आणि दोन प्रतींत नेमका फरक काय, हे लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडेच राहिले. प्रकल्प-अहवालाच्या फाईलला 'अंतिम', 'अंतिम-दोन', 'अगदी अंतिम' अशी नावे देत जाणारा आजचा विद्यार्थी वस्तुतः याच अवस्थेत असतो.

१९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम' अर्थात एससीसीएस ही प्रणाली तयार केली. तिची पहिली आवृत्ती आयबीएमच्या मोठ्या संगणकासाठी स्नोबोल भाषेत होती. नंतर ती युनिक्ससाठी सी भाषेत लिहिली गेली. डिसेंबर १९७५ मध्ये आयट्रिपलईच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीविषयक नियतकालिकात रॉचकाइंड यांनी तिचे विवरण प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये युनिक्सच्या 'प्रोग्रामर्स वर्कबेंच' या संचासोबत ती प्रयोगशाळेबाहेरही पोहोचली.

एससीसीएसमध्ये प्रत्येक बदलाला 'डेल्टा' म्हणत. एका फाईलचे सर्व डेल्टा एकाच साठ्यात एकमेकांत गुंफलेले असत आणि प्रत्येक ओळ कोणत्या डेल्टाने आली व कोणत्या डेल्टाने वगळली गेली, याच्या खुणा तिच्यालगत असत. ओळ वगळली म्हणजे ती पुसली गेली असे नव्हे. अमुक डेल्टापासून ती दाखवू नये, एवढीच खूण केली जाई. त्यामुळे कोणताही जुना पाठ पुन्हा उभा करता येई. एवढेच नव्हे, तर मधलाच एखादा सदोष डेल्टा वगळून बाकीचे सर्व बदल समाविष्ट असलेला पाठही मागविता येई. संस्कृत वा प्राकृत ग्रंथांच्या पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या अभ्यासकांना या रचनेत मूळ संहितेखालील पाठभेदांच्या टिपांची आठवण व्हावी, इतके हे साम्य ठळक आहे.

चुकीच्या बाबतीत या प्रणालीचे धोरण सावध होते. एखादा डेल्टा साठ्यातून समूळ काढण्याची आज्ञा उपलब्ध होती. परंतु ती शाखेतील सर्वांत शेवटच्या डेल्टापुरतीच चाले. ज्याच्यावर पुढचे काम उभे राहिले, तो डेल्टा काढता येत नसे. डेल्टासोबतचा शेरा बदलण्याचीही सोय होती. तथापि नवा शेरा लिहिल्यावर जुना शेरा नाहीसा होत नसे. तो बदलला असल्याची ओळ, तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव यांसह जुना शेरा खाली कायम राही. म्हणजेच उलट नोंदीचे तत्त्व पहिल्याच प्रणालीत अंशतः अवतरले होते.

३. कुलपाची पद्धत आणि तिच्या मर्यादा

१९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी 'रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम' म्हणजे आरसीएस ही प्रणाली मांडली. तिच्या साठवणुकीची दिशा उलट होती. सर्वांत ताजा पाठ पूर्ण स्वरूपात ठेवला जाई आणि त्यावरून मागे जाण्यासाठी लागणारे फरक नोंदविले जात. बहुतेक वेळा ताजा पाठच लागतो, तेव्हा तो लवकर मिळावा आणि जुन्यासाठी थोडा वेळ लागला तरी चालेल, असा हा व्यावहारिक हिशेब होता.

एससीसीएस आणि आरसीएस या दोन्ही प्रणालींचा भर मुख्यतः चूक होऊ न देण्यावर होता आणि त्याचे साधन होते कुलूप. ज्याला फाईल बदलावयाची असेल त्याने ती कुलूप लावून घ्यावयाची. तो ती परत करीपर्यंत इतरांना केवळ वाचता येई. दोघांनी एकमेकांचे काम नकळत पुसून टाकणे ही त्या काळातील सर्वांत परिचित चूक होती आणि कुलपाने तिला आळा बसला.

परंतु कुलपामुळे नव्या अडचणी निर्माण झाल्या. फाईल कुलूपबंद ठेवून कोणी रजेवर गेला की इतरांचे काम अडे. म्हणून आरसीएसमध्ये दुसऱ्याचे कुलूप तोडण्याची सोय ठेवावी लागली आणि तसे केल्यास मूळ व्यक्तीला कारणासह टपाल-संदेश आपोआप पाठविला जाई. कुलूप तोडणे गुप्तपणे होऊ नये, त्याची वार्ता संबंधिताला मिळावी, ही दक्षता महत्त्वाची आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत होती. कुलूप लावून शांतपणे केलेला बदलही चुकीचा असू शकतो. विचारातील चूक कुलपाने थांबत नाही. अशा चुकीसाठी जुन्या पाठाकडे परतण्यावाचून मार्ग नव्हता. शिवाय आरसीएसमध्ये ठरावीक आवृत्त्या साठ्यातून कायमच्या काढून टाकण्याची आज्ञाही होती. ती वापरताना क्रमांक चुकला, तर त्या चुकीवर प्रणालीपाशी उत्तर नव्हते.

४. अनेकांचे एकाच वेळी काम : सीव्हीएस आणि सबव्हर्जन

कुलपाची पद्धत सोडण्याचे कारण एका विद्यापीठातील वेळापत्रकात सापडते. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी एका सी संकलकावर काम करीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा भिन्न होत्या. एकाने फाईल अडवून ठेवावी आणि इतरांनी वाट पाहावी, हे परवडणारे नव्हते. म्हणून ग्रून यांनी आरसीएसवर आधारित काही छोट्या आज्ञावली लिहिल्या आणि १९८६ मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. हीच 'कन्करंट व्हर्जन्स सिस्टिम' म्हणजे सीव्हीएसची सुरुवात होय. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने रचली आणि १९९० च्या युजनिक्स परिषदेत तिचे विवरण सादर केले.

सीव्हीएसने चुकीविषयीची भूमिकाच बदलली. प्रत्येकाने आपल्या प्रतीत मोकळेपणाने बदल करावेत, नंतर ते एकत्र जुळवावेत आणि दोघांनी एकाच ओळीत निराळे बदल केले असतील तर ती ओळ खुणा करून माणसापुढे ठेवावी, अशी ही पद्धत होती. चूक होणारच, ती वेळीच उघड व्हावी, हे येथे गृहीत होते. जुळवणी करताना बदल करणाऱ्याची मूळ प्रत वेगळ्या नावाने जवळच राखून ठेवली जाई, जेणेकरून जुळवणी फसली तरी स्वतःचे काम हाती राहावे. सदोष बदल मागे घ्यावयाचा असल्यास दोन आवृत्त्यांमधील फरक उलट क्रमाने लावून त्याची नवी आवृत्ती नोंदवीत. ही स्पष्टपणे उलट नोंद होती.

तथापि सीव्हीएसमध्ये एक गंभीर उणीव होती. तिचा इतिहास फाईलवार होता. दहा फाईलींतील बदल एकत्र नोंदविताना पाचव्या फाईलनंतर संपर्क तुटला, तर पाच बदल साठ्यात जात आणि पाच बाहेर राहत. अशा अर्धवट अवस्थेतून मागे येण्यासाठी कोणत्या फाईलींचे कोणते क्रमांक एकाच बदलाचे भाग होते, हे शेरे आणि वेळा ताडून शोधावे लागे. बँकेच्या व्यवहारात एका खात्यातून रक्कम वजा व्हावी आणि दुसऱ्यात जमा होऊ नये, तशीच ही स्थिती होती.

ही उणीव दूर करण्याच्या उद्देशाने २००० मध्ये कोलॅबनेट या कंपनीच्या पुढाकाराने सबव्हर्जन प्रकल्प सुरू झाला. २००१ च्या ऑगस्टअखेरीस या प्रकल्पाची स्वतःची संहिता सबव्हर्जनमध्ये ठेवली जाऊ लागली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. येथे नोंद अविभाज्य होती : सर्व बदल एकत्र स्वीकारले जात किंवा एकही नाही. प्रत्येक नोंदीला साऱ्या भांडारासाठी एकच क्रमांक मिळे. त्यामुळे 'अमुक क्रमांकाची नोंद मागे घ्या' हे वाक्य प्रथमच निःसंदिग्ध झाले. चुकून काढलेली फाईल जुन्या क्रमांकावरून नव्याने आणता येई आणि तिचा पूर्वेतिहासही तिच्यासोबत येई.

शेऱ्यांच्या बाबतीत मात्र सबव्हर्जनने एससीसीएसइतकी दक्षता घेतली नाही. शेरा बदलला की जुना शेरा कायमचा जाई. म्हणूनच ही सोय मुळात बंद ठेवलेली असे आणि भांडाराच्या व्यवस्थापकाने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज ती वापरता येत नसे. एखादी फाईल इतिहासातून समूळ काढण्याची मागणीही सुरुवातीच्या काळापासून होत राहिली. परंतु तशी सरळ आज्ञा न देण्याचेच वळण प्रणालीला पडले. त्यासाठी संपूर्ण भांडार बाहेर काढून, गाळून, पुन्हा भरावे लागे.

याच काळातील एक घटना इतिहासाच्या विश्वासार्हतेचे मोल दाखविते. लिनक्सच्या गाभ्याचे काम तेव्हा बिटकीपर या प्रणालीत चालत असे आणि इतरांच्या सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवली जाई. नोव्हेंबर २००३ मध्ये या सीव्हीएस प्रतीत कोणीतरी परस्पर दोन ओळी घातल्या. तेथे तुलनेचे चिन्ह असावयास हवे होते, त्या जागी मूल्य देण्याचे चिन्ह होते. वरकरणी ही साधी लेखनचूक वाटे. प्रत्यक्षात तिच्यामुळे सामान्य वापरकर्त्याला संगणकाचे सर्वाधिकार मिळू शकले असते. सीव्हीएसमधील या बदलाला बिटकीपरमध्ये मूळ नोंदच नाही, हे दोन्ही साठे ताडून पाहताना उघडकीस आले आणि तो बदल काढून टाकण्यात आला. चूक आणि घातपात यांतील फरक संहिता वाचून लगेच कळला नसता. तो कळला इतिहास जुळत नसल्यामुळे.

५. गिट : नोंदींची साखळी आणि वाटचालीची वही

बिटकीपर ही खासगी मालकीची प्रणाली होती आणि २००२ पासून लिनक्सच्या आज्ञावलीकारांना ती विनामूल्य वापरण्याची मुभा होती. २००५ मध्ये ही मुभा काढून घेण्यात आली. तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहावयास घेतली आणि काही दिवसांतच गिटची स्वतःची संहिता गिटमध्ये नोंदविली जाऊ लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे आली. मर्क्युरियल ही दुसरी वितरित प्रणालीही एप्रिल २००५ मध्येच सुरू झाली.

चूक-दुरुस्तीच्या दृष्टीने गिटची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले, प्रत्येक नोंदीची ओळख तिच्यातील मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेल्या चाळीस अक्षरांच्या चिन्हाने ठरते आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचे चिन्ह समाविष्ट असते. मागची एखादी नोंद बदलली, तर पुढच्या सर्व नोंदींची चिन्हे बदलतात. गुपचूप खाडाखोड करणे त्यामुळे अवघड होते. दुसरे, भांडाराची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे सामान्यतः संपूर्ण इतिहास असतो. तिसरे, शाखा म्हणजे एखाद्या नोंदीकडे बोट दाखविणारे केवळ नाव असते. शाखा चुकून काढली तरी नोंदी लगेच नष्ट होत नाहीत. त्यांच्याकडे नेणारे बोट तेवढे नाहीसे होते.

या तिसऱ्या वैशिष्ट्यातून 'रेफलॉग' ही सोय निर्माण झाली. प्रत्येक शाखा कोणत्या क्षणी कोणत्या नोंदीवर होती, याची एक वेगळी वही वापरकर्त्याच्या संगणकावर ठेवली जाते. फेब्रुवारी २००७ मधील १.५.० या आवृत्तीपासून नेहमीच्या कामाच्या भांडारांत ती आपोआप सुरू असते. नोंदवही जर हिशेबाची वही मानली, तर रेफलॉग ही त्या वहीची पाने कोणी, केव्हा उलटली याची वही आहे. 'रीसेट' या आज्ञेने शाखा चुकून मागे नेली, तर रेफलॉगमध्ये आधीचे स्थान पाहून ती पुन्हा तेथे नेता येते. मूळ मांडणीनुसार या वहीतील टिपणे नव्वद दिवस राहतात. शाखेच्या चालू इतिहासातून निखळलेल्या नोंदींसाठी ही मुदत तीस दिवसांची आहे. दुरुस्तीला मुदत आहे, ही बाब अनेकांच्या लक्षात उशिरा येते. तसेच ही वही प्रत घेताना किंवा काम पुढे पाठविताना सोबत जात नाही. एकाचा रेफलॉग दुसऱ्याच्या कामी येत नाही.

चूक मागे घेण्याचे दोन मार्ग गिटमध्ये स्पष्टपणे वेगळे आहेत. 'रिव्हर्ट' ही उलट नोंद होय : जुनी नोंद जागेवर राहते आणि तिचा परिणाम रद्द करणारी नवी नोंद होते. 'रीसेट' मात्र शाखेचे बोटच मागे हलविते. जणू मधले काही घडलेच नाही. जे काम अद्याप इतरांपर्यंत गेलेले नाही, तेथे दुसरा मार्ग निरुपद्रवी आहे. जे काम इतरांनी स्वीकारले आहे, तेथे तो वापरल्यास त्यांच्या प्रती आणि मूळ भांडार यांत फारकत होते.

उलट नोंदही पूर्णतः निरागस नसते. एखाद्या शाखेचे विलीनीकरण सदोष निघाले आणि 'रिव्हर्ट'ने मागे घेतले, तर मजकूर परत जातो. परंतु विलीनीकरण झाले होते ही नोंद राहते. त्यामुळे पुढे शाखेतील दोष काढून ती पुन्हा विलीन केली, तर केवळ नंतरचे बदल येतात. आधी मागे घेतलेले येत नाहीत. त्यासाठी आधीच्या उलट नोंदीचीच उलट नोंद करावी लागते. डिसेंबर २००८ मध्ये गिटच्या अधिकृत दस्तऐवजांत या प्रसंगासाठी स्वतंत्र मार्गदर्शन समाविष्ट झाले, यावरून ही अडचण किती वारंवार येत असे याची कल्पना येते. परिणाम मागे घेता येतो, घटना मागे घेता येत नाही, हा इतिहासाचा सामान्य नियम येथे तांत्रिक रूपात भेटतो.

गिटची मर्यादाही सांगावयास हवी. जे काम प्रणालीला कधी सोपविलेच नाही, ते तिला परत देता येत नाही. नोंद न केलेले बदल 'रीसेट'च्या कठोर प्रकाराने पुसले गेले, तर रेफलॉगमध्ये त्यांचा मागमूस नसतो. 'चेकआउट' ही एकच आज्ञा शाखा बदलण्यासाठीही आणि फाईलमधील बदल टाकून देण्यासाठीही वापरली जात असल्याने अशा चुका सहज होत. ऑगस्ट २०१९ मधील २.२३ या आवृत्तीत 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन स्वतंत्र आज्ञा देऊन ही संदिग्धता कमी करण्यात आली.

६. तीन दुर्घटना आणि त्यांचे धडे

प्रत्येकाकडे पूर्ण प्रत आहे, म्हणजे काम सुरक्षित आहे, हा समज वितरित प्रणालींबरोबर रूढ झाला. पुढील तीन घटनांनी त्याची परीक्षा घेतली.

केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची सुमारे दीड हजार भांडारे एका मध्यवर्ती सर्व्हरवर होती आणि अनेक प्रतिरूप सर्व्हर ठरावीक काळाने त्याच्याशी जुळवून घेत. मार्च २०१३ मध्ये सुरक्षाविषयक सुधारणांसाठी हा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याची फाईल-व्यवस्था बिघडल्याचे आढळले. प्रतिरूपांनी मूळ सर्व्हरचे निष्ठेने अनुकरण केल्यामुळे बिघाडही त्यांच्यात उतरला. अखेर एका सर्व्हरवर शाबूत प्रत मिळाली आणि प्रकल्प वाचला. प्रतिरूप आणि राखीव प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा यातील धडा होता. प्रतिरूप आजचे सत्य दाखविते, मग ते बिघडलेले का असेना. राखीव प्रत कालचे सत्य सांभाळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेन्किन्स या प्रकल्पातील एका आज्ञावलीकाराच्या हातून दीडशेहून अधिक भांडारांवर 'फोर्स पुश' ही सक्तीची आज्ञा चुकून चालविली गेली. शाखांची बोटे एकदम जुन्या नोंदींकडे वळली. नोंदी मात्र नष्ट झाल्या नव्हत्या. शाखा आधी कोठे होत्या, हे उपलब्ध नोंदींवरून आणि सदस्यांच्या प्रतींवरून शोधून त्या पुन्हा जागेवर आणल्या गेल्या. त्यानंतर प्रकल्पाने शाखांच्या स्थानांची स्वतंत्र नोंद सतत ठेवण्याची व्यवस्था केली. मे २०१४ मध्ये गिटच्या २.० या आवृत्तीत एकाच आज्ञेने अनेक शाखा पुढे ढकलण्याची जुनी मूळ मांडणी बदलून केवळ चालू शाखेपुरती केली गेली आणि २०१५ मध्ये गिटहबने महत्त्वाच्या शाखांवर सक्तीचे बदल रोखण्याची सोय दिली. आरसीएसचे कुलूप एका परीने परत आले. फरक इतकाच की, आता ते फाईलवर नसून इतिहासावर होते.

तिसरी घटना फेब्रुवारी २०१७ ची आहे. गूगल आणि ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ चिन्ह असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फाईली तयार करून दाखविल्या. या फाईली चाचणीसाठी म्हणून वेबकिट प्रकल्पाच्या सबव्हर्जन भांडारात नोंदविल्या गेल्या आणि त्या भांडाराचे काम अडले. कारण एक चिन्ह म्हणजे एक मजकूर, असे प्रणालीने गृहीत धरले होते. त्याच वर्षी मे महिन्यात गिटच्या २.१३ या आवृत्तीत अशी बनावट ओळखणारी तपासणी समाविष्ट झाली. इतिहासाच्या रक्षणाचे साधनही काळाबरोबर जुने होते, याची जाणीव या घटनेने दिली.

७. विसरण्याचा प्रश्न

आतापर्यंत चर्चिलेल्या चुकांत जपणूक हा उपाय होता. परंतु काही चुका अशा असतात की तेथे जपणूक हाच अपाय ठरतो. एखाद्याने संहितेसोबत संकेतशब्द नोंदविला, किंवा व्यक्तींची खासगी माहिती असलेली फाईल भांडारात घातली, तर उलट नोंद करून काहीच साधत नाही. ताज्या पाठातून ती माहिती जाते. इतिहासात ती कोणालाही वाचता येते.

अशा प्रसंगी इतिहास पुन्हा लिहावा लागतो. गिटमध्ये २००७ पासून त्यासाठी 'फिल्टर-ब्रँच' ही आज्ञा होती. ती संथ आणि चुकांना वाव देणारी असल्याने २०१९ पासून गिटचे दस्तऐवजच 'फिल्टर-रेपो' या वेगळ्या साधनाची शिफारस करतात. परंतु इतिहास पुन्हा लिहिला की नोंदींची चिन्हे बदलतात आणि इतरांच्या प्रतींतील जुना इतिहास तसाच राहतो. म्हणून उघड झालेला संकेतशब्द आधी बदलावा आणि मग इतिहास स्वच्छ करावा, हाच व्यवहार्य क्रम आहे.

वैयक्तिक माहितीला मात्र बदलता येईल असा पर्याय नसतो. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या विदा-संरक्षण नियमांनी आणि भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क, मर्यादांसह, मान्य केला आहे. नोंदीवर कर्त्याचे नाव आणि पत्ता कायम असावा ही या प्रणालींची शिस्त, आणि ते पुसता यावे ही व्यक्तीची अपेक्षा, या दोहोंत खरा विरोध आहे. एससीसीएसच्या काळात एका प्रयोगशाळेतील साठ्यापुरता हा प्रश्न असता तर तो व्यवस्थापकाने सोडविला असता. जगभर विखुरलेल्या प्रतींच्या काळात तो सोडविणारा एकच व्यवस्थापक उरलेला नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला, आवृत्ती-नियंत्रणाच्या इतिहासात चूक टाळण्यापासून चूक सोसण्याकडे संक्रमण झालेले दिसते. कुलपाची जागा जुळवणीने घेतली आणि जुळवणीला अविभाज्य नोंदीची व रेफलॉगची जोड मिळाली. चूक स्वस्त झाली म्हणून प्रयोग करण्याचे धैर्य वाढले आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या हजारो व्यक्तींना एकत्र काम करता आले.

दुसरा, चुकीतून सावरण्याची क्षमता ही साधनात जितकी असते तितकीच शिस्तीतही असते. वारंवार नोंद करणे, नोंदीचे कारण लिहिणे, इतरांपर्यंत गेलेला इतिहास न बदलणे आणि स्वतंत्र राखीव प्रत ठेवणे, या सवयी नसतील तर कोणतीही प्रणाली पुरी पडत नाही. केडीईचे उदाहरण याची साक्ष देते.

तिसरा, उलट नोंदीचे तत्त्व आता संहितेपुरते राहिलेले नाही. भारतातील कंपन्यांनी हिशेबासाठी वापरावयाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंदवही बंद करता येऊ नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून लागू झाला. कागदी वहीतून निघालेले तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या वाटेने पुन्हा हिशेबाच्या वहीत आले आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक अर्थ असा की, विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करताना अंतिम संहितेबरोबर तिचा इतिहासही पाहणे उचित ठरेल. ज्या प्रकल्पाच्या इतिहासात एकही चूक, एकही उलट नोंद दिसत नाही, तो निर्दोष असेलच असे नाही. बहुधा त्याचा इतिहास नंतर लिहिलेला असतो. चूक कशी झाली, कोणी ओळखली आणि कशी सुधारली, हे ज्या नोंदींत वाचता येते, त्या नोंदी विश्वसनीय मानाव्यात, हा वाणिज्य शाखेचा जुना धडा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तितकाच आवश्यक आहे.